हॅम्पस्टेडचीं तळीं आणि गळाची गांठ

विलायतेहून परत आलेल्या मंडळींस "काय काय पाहिलेंत?" असें विचारलें, तर उत्तरें बहुधा एकाच साच्याचीं मिळतात. ब्रिटिश म्यूझियम, टॉवरमधील रत्नें, टेम्सवरील पूल आणि राजवाड्यापुढील पहारा. हें सर्व पाहण्याजोगें आहे यांत शंका नाहीं. पण एखाद्या देशांतील माणसें आपला रिकामा वेळ कशी घालवितात हें पाहिल्यानें त्यांची जी ओळख पटते, ती त्यांच्या प्रदर्शनांवरून पटत नाहीं, असें आमचें मत आहे. म्हणून ह्या लेखांत आम्ही वाचकांस कोणत्याही राजवाड्यांत नेणार नाहीं. एका तळ्याच्या कांठीं नेणार आहों.

आम्ही उभयतां दोन महिने उत्तर लंडनांत पुतण्याकडे राहिलों. घरांत पुतण्या, सूनबाई, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि मुलाची आजी, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, एवढीं माणसें. वहिनींचा सारा जन्म पुण्यास सदाशिव पेठेंत गेला. आतां म्हातारपणीं मुलाकडे असतात. घरापासून थोड्या अंतरावर हॅम्पस्टेड हीथ नांवाचें सुमारें ८०० एकरांचें माळरान आहे. एवढ्या दाट वस्तीच्या शहरांत इतकी जमीन मोकळी कशी राहिली, ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटलें. तेव्हां कळलें कीं १८७१ सालीं पार्लमेंटनें कायदा करून ती लोकांसाठीं राखून ठेविली आहे. १९८९ पासून तिची व्यवस्था सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे. माळावर पार्लमेंट हिल नांवाची टेंकडी असून तेथून सेंट पॉलच्या देवळाचा घुमट आणि सारें शहर दिसतें. ह्या भागास मराठी माणसाचें पाऊलही नवें नाहीं. १९०६ सालीं सावरकर विलायतेस आले ते पलीकडच्या हायगेट भागांतील इंडिया हाऊसमध्यें उतरले. आणि १९२१-२२ मध्यें डॉ. आंबेडकर ज्या घरांत राहून अभ्यास करीत, तें किंग हेन्रीज रोडवरील घर माळापासून पायीं जाण्याइतकेंच दूर आहे.

माळाच्या दोन बाजूंस तळ्यांच्या दोन माळाच आहेत. हीं तळीं निसर्गाचीं नव्हत. शहरास पाणी पुरविण्यासाठीं १६९२ सालीं हॅम्पस्टेड वॉटर कंपनी स्थापन झाली आणि पुढें ओढ्यांवर बांध घालून एकाखालीं एक अशीं तळीं तयार झालीं. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला बंधारे घालून पुण्यांत पाणी खेळविलें, त्याचें स्मरण आम्हांस येथें झालें. ज्या फ्लीट नदीचे हे ओढे, ती नदी आतां जमिनीखालीं गटार होऊन वाहते आणि ब्लॅकफ्रायर्स पुलाखालीं टेम्सला मिळते. तळीं मात्र वर राहिलीं. एकांत पुरुष पोहतात, दुसऱ्यांत स्त्रिया, तिसऱ्यांत दोघेही. एकावर मुलें खेळण्यांतील जहाजें सोडतात. आणि कांहीं तळ्यांच्या कांठीं, छत्र्यांच्या आडोशाला, माणसें तासन्‌तास पाण्याकडे पाहत बसलेलीं दिसतात. हे गळवाले.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासळी वर्ज्य असेल. आमच्याही घरीं आहे. तेव्हां आरंभींच सांगितलें पाहिजे कीं हे लोक कार्प मासा धरतात तो खाण्यासाठीं नव्हे. धरतात, पाहतात, आणि परत पाण्यांत सोडून देतात. कार्प हा मूळचा ह्या बेटावरचा मासा नव्हे. १४९६ सालीं छापलेल्या, गळाविषयींच्या एका जुन्या इंग्रजी निबंधांत तो इंग्लंडांत थोडाच आढळतो असें लिहिलें आहे. पुढें मठांच्या आणि जमीनदारांच्या तळ्यांतून तो पसरला. आपल्या रोहू-कटल्याच्या गोत्राचा, जाड खवल्यांचा, दीर्घायुषी आणि अत्यंत सावध असा हा मासा आहे. १९३९ सालीं तो सिलोनमार्गें निलगिरींत आणला गेला. आज महाराष्ट्रांतील धरणांच्या पाण्यांतही तो असून बाजारांत त्यास सिप्रिनस म्हणतात.

आमच्या पुतण्याच्या मुलास ह्या छंदानें पछाडलें होतें. वाढदिवसाचे पैसे सांठवून त्यानें एक पेटी घेतली होती. तींत निरनिराळ्या रंगांचीं वजनें, नळ्या, मणी, फिरत्या कड्या, स्प्रिंगा आणि दुकानांतच बांधून मिळणाऱ्या दहा-बारा प्रकारच्या मांडण्या होत्या. इंग्लंडांत गोड्या पाण्यांत गळ टाकावयाचा तर वयाच्या तेराव्या वर्षापासून सरकारी परवाना लागतो, आणि तळ्याच्या मालकाची परवानगी वेगळी. मुलास सरकारी परवाना लागत नव्हता, पण तळ्याची परवानगी पुतण्यानें काढून ठेविली होती. एका रविवारीं सकाळीं त्याच्याबरोबर आम्हीही गेलों. त्यानें पेटींतील सर्वांत गुंतागुंतीची मांडणी निवडली, कारण तिच्या वेष्टनावर सर्वांत मोठ्या माशाचें चित्र होतें.

दीड तासानें काठी एकदम वांकली. मुलगा उभा राहिला. रीळ कर्र कर्र वाजूं लागलें. पाण्यांत तांबूस पाठ एकदां चमकली. आणि दुसऱ्याच क्षणीं दोरा सैल होऊन वाऱ्यावर उडाला. मुलाचे डोळे भरून आले. शेजारीं बसलेले एक वृद्ध इंग्रज गृहस्थ उठून आले. त्यांनीं दोऱ्याचें तुटलें टोक हातांत घेऊन उजेडाकडे धरलें. तें टोक डुकराच्या पिलाच्या शेपटीसारखें कुरळें झालें होतें.

"मुला," ते म्हणाले, "दोरा तुटला नाहीं, गांठ सुटली आहे. माशाच्या जोरानें दोरा तुटला असता तर टोक सरळ तुटलें असतें. कुरळें टोक म्हणजे गांठ घसरत गेली."

मुलानें विचारलें, "मासा केवढा होता?"

"त्याचें मला दुःख नाहीं," म्हातारबोवा म्हणाले. "तो तोंडांत गळ घेऊन गेला आहे. गळ बिनकांट्याचा आहे, म्हणून कदाचित् लवकर पडेल. पण गळाला वजन जखडलेलें होतें. तें जर लव्हाळ्यांत अडकलें, तर मासा दाव्याला बांधलेल्या वासराप्रमाणें तेथेंच राहील."

त्यानंतर मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. म्हातारबोवांनीं मात्र आपली खुर्ची जवळ ओढली आणि त्या दिवशीं जें शिकविलें, तें आम्हांसारख्या अडाण्यांसही समजलें, इतकें तें सोपें होतें.

त्यांचें पहिलें म्हणणें असें कीं जितके जोड अधिक, तितक्या तुटण्याच्या जागा अधिक. त्यांच्या स्वतःच्या डब्यांत अवघ्या तीन मांडण्या होत्या. पहिली म्हणजे नुसता दोरा, त्याच्या टोकाला गळ आणि गळाला पावाचें कड. उन्हाळ्यांत मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले कीं हें कड पाण्यावर तरंगत सोडावें. ना वजन, ना मणी. दुसरी म्हणजे पिसाची काडी पाण्यावर उभी करून खालीं गळ लोंबत ठेवणें. कांठाजवळ उथळ पाण्यांत हिच्याइतकी उत्तम दुसरी नाहीं. तिसरी तळाशीं बसणारी. मुख्य दोरा वजनाच्या कडींतून ओवावा, पुढें एक मणी, मग फिरती कडी, आणि कडीला वीतभर तोकडा दोरा बांधून त्याच्या टोकाला गळ. मणी असल्यानें वजन गांठीवर आपटत नाहीं. मासा आमिष घेऊन चालूं लागला कीं दोरा वजनाच्या कडींतून सरकतो आणि त्यास ओझें जाणवत नाहीं. ह्या मांडणींतील मुख्य गुण त्यांनीं शेवटीं सांगितला: वरचा दोरा कोठेंही तुटला तरी वजन ओघळून मोकळें होतें, माशाला जखडून राहत नाहीं. शिवाय तोकडा दोरा मुख्य दोऱ्याहून किंचित् कमजोर ठेवावा, म्हणजे तुटलाच तर तोच तुटेल आणि माशाबरोबर वीतभर दोराच जाईल, वीस हात नव्हे.

वजनाचाही एक इतिहास त्यांनीं सांगितला. पूर्वी दोऱ्याला शिशाचे लहान मणी चिमटीत. ते तळाशीं सांडत. हंस खडे टिपतांना ते गिळीत आणि शिशाच्या विषानें मरत. म्हणून १९८७ पासून सुमारें एक औंसापर्यंतचीं बहुतेक शिशाचीं वजनें इंग्लंडांत बंद झालीं व दुसऱ्या धातूंचीं आलीं.

मग गांठी. म्हातारबोवा म्हणाले, पुस्तकांत शंभर गांठी असतील. मला तीन पुरतात, पण त्या तीन मी अंधारांत बांधूं शकतों.

एक पालोमार. दोरा दुहेरी करून गळाच्या नाकांतून ओवावा, त्या दुहेरी दोऱ्याची एक सैल साधी गांठ मारावी, उरलेल्या फाशांतून सबंध गळ बाहेर काढावा आणि ओढावें. मुलांच्या हातीं चुकण्यास हींत फारशी जागाच नाहीं.

दुसरी ग्रिनर. दोरा नाकांतून ओवून मागें वळवून एक फांस करावा. टोकानें त्या फांसाच्या आंतून दोन्ही दोऱ्यांभोंवतीं पांच-सहा वेढे द्यावे. मग टोक ओढून वेढे आवळावे आणि आवळलेली गांठ सरकवीत कडीशीं न्यावी. फिरत्या कडीसाठीं ही चांगली.

तिसरीस ते गांठ नसलेली गांठ म्हणतात. हिच्यासाठीं आधीं माशाच्या तोंडाची रचना समजली पाहिजे. कार्पच्या जबड्यांत दांत नसतात. ते घशांत असतात. तोंड नळीसारखें पुढें काढून तो चिखलासकट खाद्य ओढून घेतो, नकोसें तें फुंकून टाकतो. गळास टोंचलेलें आमिष त्यास संशयास्पद वाटलें कीं तो तेंही फुंकतो. १९८० च्या सुमारास लेनी मिडलटन व केव्हिन मॅडॉक्स ह्या दोघांनीं कांचेच्या हौदांत माशांचें खाणें पाहून युक्ति काढली. आमिष गळास न टोंचतां गळाबाहेर एका बारीक केसावर लोंबत ठेवावयाचें. आरंभीं हा खराच माणसाचा केस होता. मासा आमिष निर्धास्तपणें घेतो, फुंकतांना मोकळा गळ खालच्या ओठांत बसतो. आतां केसाऐवजीं दोऱ्याचेंच टोक वापरतात. टोकास आमिषासाठीं लहान फांस करावा, दोरा गळाच्या नाकांतून पाठीकडून ओवावा, टोक दांड्याशीं धरून भोंवतीं सात-आठ वेढे घ्यावे, आणि दोरा पुन्हां पाठीकडूनच नाकांतून बाहेर काढावा, म्हणजे गळाचें टोक योग्य बाजूस वळतें.

तिन्ही गांठींस एकच नियम: आवळण्यापूर्वीं ओली करावी आणि हळू आवळावी. नायलॉन कोरडें ओढलें तर घर्षणानें तापतें आणि तेथेंच कमजोर होतें. शेवटीं हातानें जोर लावून पहावें. सुटायची असेल तर ती आपल्या हातांत सुटावी, माशाच्या तोंडीं नव्हे.

हें सर्व मुलानें रात्रीं घरीं येऊन सांगितलें, तेव्हां वहिनी देवासाठीं हार करीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांत नवल तें काय? कोंकणांत माझी आई केळीच्या सोपाचा दोर भिजवून मगच फुलें बांधी. कोरडा दोर तुटतो." मग त्यांनीं आमच्याकडे पाहून विचारलें, "भावजी, सुरगांठ आणि निरगांठ ह्यांतला फरक ह्या पोराला कोणी शिकविला आहे कां?" कोणी शिकविला नव्हता. जानव्याची ब्रह्मगांठ, लग्नांतील उपरण्याची गांठ, पोहऱ्याचा फांस, गाईचें दावें: आपल्या भाषेंत व संसारांत गांठींचें केवढें राज्य आहे, हें आम्हांस त्या रात्रीं नव्यानें उमगलें. मुलगा आजीच्या शेजारीं बसून दहा वाजेपर्यंत पालोमार बांधीत होता. आणि ज्या नातवाशीं मराठींत चार वाक्यें सलग बोलणें होत नाहीं अशी वहिनींची नेहमींची तक्रार, त्या नातवाशीं त्या रात्रीं त्यांचें पुष्कळ बोलणें झालें.

ह्या छंदाचें इंग्लंडांतील तीर्थक्षेत्र म्हणजे हेरफर्डशायरमधील रेडमायर नांवाचें एक खासगी तळें. १९३४ सालीं त्यांत कार्पचीं ५० पिलें सोडलीं गेलीं. १३ सप्टेंबर १९५२ च्या रात्रीं रिचर्ड वॉकर ह्यांनीं त्यांतून ४४ पौंडांचा मासा काढला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत नेऊन ठेविला, आणि लोक त्यास पाहावयास जात. हा उच्चांक १९८० पर्यंत टिकला. त्या वर्षीं क्रिस येट्स ह्यांनीं त्याच तळ्यांतून ५१ पौंडांहून अधिक वजनाचा मासा धरला. आमच्या म्हातारबोवांस ह्या कथेंतील एकच गोष्ट मुलास सांगावयाची होती. वॉकरच्या गळावर होता पाव आणि कणकेचा गोळा. दोऱ्याला वजन नव्हतें. "पेटीनें मासा मिळत नाहीं," ते म्हणाले.

आपल्या इकडेही ही विद्या नवी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोद असा स्वतंत्र भागच आहे. कोणत्या जातीच्या माशास कोणतें खाद्य घालावें येथपासून काठी व दोरी ह्यांपर्यंत त्यांत विचार केला आहे. राजानें करमणूक म्हणून जें लिहिलें, तें आठशें वर्षांनीं प्राणिशास्त्रज्ञांनीं अभ्यासिलें. सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ मध्यें त्यावर निबंध लिहिला आहे.

तिसऱ्या रविवारीं मुलाच्या काठीवर मासा आला. तळाशीं बसणारी साधी मांडणी, मक्याचे दोन दाणे आणि त्यानें स्वतः बांधलेल्या गांठी. झुंज दहा मिनिटें चालली. म्हातारबोवांनीं जाळें पाण्यांत धरलें, पण दोऱ्यास हात लाविला नाहीं. मासा सहा पौंडांचा असेल. ओल्या गादीवर ठेवून, हात ओले करून, मुलानें गळ काढला; बिनकांट्याचा असल्यानें तो अलगद निघाला. मग त्यानें मासा पाण्यांत धरून ठेविला. कल्ले दोन-चार वेळां उघडले, मिटले, आणि मासा त्याच्या हातांतून निघून गेला. पहिला सुटलेला मासा तोच कीं काय, हें कोणास सांगतां येणार नव्हतें. पण मुलानें गादीवर त्याचे ओठ निरखून पाहिले होते, हें आम्हीं पाहिलें.

घरीं येतांच त्यानें आजीस सर्व सांगितलें. वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सोडायचाच होता, तर धरलास कशाला?"

मुलगा थोडा थांबला. म्हणाला, "आजी, तो हातांतून जातो ना, तें पहायचं असतं."

"मग नुसता पाव टाक. तेही येतील, जातील. त्याच्या ओठाला भोंक कशाला?"

ह्यावर मुलास उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही सुचलें नाहीं. तळ्याचें पाणी स्वच्छ राहावें, हंस मरूं नयेत, माशांच्या जखमांस औषध लावावें, ह्यासाठीं झटणाऱ्यांत गळवालेच पुष्कळ असतात, हें खरें आहे. माशास गळ लागतो हेंही तितकेंच खरें आहे. वहिनींनीं बंदी केली नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारून ठेविला. त्यानंतर आम्ही तेथें असेपर्यंत मुलगा दोनदां काठी घेऊन गेला, आणि एकदां काठी न घेतां आजीला घेऊन गेला. त्या दिवशीं दोघांनीं पावाचीं कडें पाण्यावर टाकलीं. तांबूस तोंडें वर आलीं तेव्हां वहिनी पदर सांवरून अगदीं कांठाशीं गेल्या, आणि "अगोबाई, हा केवढा!" असें त्यांच्या तोंडून निघालें.

वाचकांच्या घरांतील एखादें मूल शिक्षणासाठीं वा नोकरीमुळें परदेशीं असेल, त्याच्या मुलांस हा नाद लागला असेल, किंवा आपल्याच गांवच्या तलावावर कोणी गळ घेऊन जात असेल, तर वडीलमंडळींनीं मोठी पेटी घेऊन देण्यापूर्वीं त्यास तीन गांठी बांधावयास बसवावें. ओल्या, हळू आवळलेल्या, ओढून पाहिलेल्या. वजन सुटें राहील अशी मांडणी करावयास सांगावें, आणि तुटलेला दोरा कांठावर न टाकतां घरीं आणावयास लावावें, कारण त्यांत पांखरांचे पाय अडकतात. आणि घरांत एखाद्या आजी असतील, तर त्यांचा प्रश्नही त्यांस विचारूं द्यावा.